नावं ठेवणारा माणूस

बोईसरला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला ना भाडं सांगितलं, ना पाणी किती वाजता येतं ते. जिन्याखाली स्टुलावर बसून ते पिठाच्या चाळणीतून वाळू चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "नाव?"

मी सांगितलं.

"हे पहिलं की नंतरचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे जन्माचं की लग्नानंतरचं?"

माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि तो विषय माझ्यासमोर काढायची त्या काळात आमच्या घरातही कुणाची छाती नव्हती. मी फणकाऱ्याने म्हटलं, "एकच आहे. का? दोन असली तर भाडं वाढतं का?" तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. जाड भिंगाचा चष्मा, त्यावर कपाळाला बांधलेलं आणखी एक भिंग, आणि भुवयांत वाळू. "एकच असेल तर उत्तम, घोळ नाही," म्हणाले आणि आत हाक मारली, "सुहासिनी, वरची खोली दाखव यांना."

त्यांच्या वयाचे पुरुष बायकोला "अगं", "ऐकलंस का" असं काहीतरी म्हणतात. हे काका मात्र दर वेळी पूर्ण नाव घ्यायचे, एकही अक्षर न गाळता. मला ते फार आवडलं होतं. खरं सांगायचं तर खोली मी तेवढ्यावरच घेतली, नाहीतर त्या खोलीत आवडण्यासारखं काही नव्हतं.

मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत कागदपत्रांच्या विभागात होते. काका तिथल्याच एका रंगांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. माणसं निवृत्त झाली की देवदेव करतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. काकांनी समुद्रातल्या गोगलगायी धरल्या. गोगलगायी म्हणजे देव्हाऱ्यातला शंख असतो तसल्या नव्हेत. त्यांची सगळ्यात मोठी गोगलगाय मोहरीएवढी आणि सगळ्यात लहान खसखशीएवढी. ते त्यांना "मंडळी" म्हणत.

पौर्णिमा-अमावास्येला समुद्र लांब ओसरतो. त्या दिवशी काका बादली, दोन चाळण्या आणि चहाची गाळणी घेऊन कधी चिंचणीला, कधी केळव्याला, कधी थेट एडवणला निघायचे. खडकावरचं शेवाळ बादलीत खळबळायचं, तळाला बसलेली वाळू घरी आणायची, गच्चीवर वर्तमानपत्रावर वाळवायची आणि मग चिमूट चिमूट काळ्या पाटीवर पसरून ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक शंख उचलायचा. एकदा टमटमवाल्याने त्यांची गळकी पिशवी बघून विचारलं होतं, "अंकल, रेती का धंधा करते हो क्या?" काका म्हणाले, "नही, रेती फेंक देता हूँ." त्याने उरलेल्या वाटेत परत तोंड उघडलं नाही.

आजूबाजूची माणसं त्यांना नावं ठेवायची. डोकं फिरलंय म्हणायची, बायकोच्या चाळण्या चोरतो म्हणायची, जे शेवटी खरंच होतं. कुणी तसं तोंडावर बोललं की काका खूश होत. "ठेवा, ठेवा," म्हणायचे. "मीही तेच करतो दिवसभर."

गच्चीवरून माझं आणि त्यांचं पहिलं भांडण झालं. मी चादर वाळत घातली होती, वारा सुटला आणि चादरीचं टोक त्यांच्या वर्तमानपत्रांवरून फिरलं. मी धावत खाली जाऊन सांगितलं. ते वर आले, दोन कागदांवरचे ढिगारे एकमेकांत सांडलेले बघितले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तुमच्या चादरीने एडवण तारापुरात मिसळलं." मग दोन्ही ढिगारे उचलून त्यांनी कुंडीत ओतले. महिन्याभराचं काम होतं ते. मला वाटलं आता हा माणूस मला खोली सोडायला सांगतो. पण ते म्हणाले, "ज्याचं गाव माहीत नाही त्याला नाव ठेवता येत नाही. तुमचा दोष नाही, वाऱ्याचा आहे. दोरी तेवढी पलीकडे बांधा."

त्यांचं एक पालुपद होतं, "पाहिलंत की ऐकलंत?" वरची टाकी रिकामी झाली म्हटलं, की "पाहिलंत की ऐकलंत?" मनोरला हायवेवर ट्रक उलटलाय, बस उशिरा येणार म्हटलं, की "पाहिलंत की ऐकलंत?" ऐकलेल्या गोष्टीला त्यांच्याकडे कवडीचा मान नव्हता. मला सुरुवातीला संताप यायचा. पुढे पुढे मीच कंपनीत लोकांना तसं विचारायला लागले आणि माझ्याशी कुणी गप्पा मारीनासं झालं.

बाजारात जाणं हा तर तमाशाच. कोळीण शिंपल्या दाखवून "तिसऱ्या घ्या" म्हणाली, की हे विचारणार, "मालवणात यांनाच खुबे म्हणतात, मग खरं नाव कोणतं?" ती बिचारी सांगणार, "आमी तिसऱ्याच म्हणतो काका." हे म्हणणार, "म्हणजे एका जिवाला दोन नावं, आणि दोन गावांत एका नावाचे दोन जीव. म्हणून लॅटिन लागतं." शेवटी एकदा ती वैतागून म्हणाली, "काका, घ्यायच्या तर घ्या. नावं ठेवायची तर पुढं जा, गिऱ्हाईक खोळंबलंय." काकांनी हसत पिशवी पुढे केली. घरी आल्यावर काकूंना हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितला, आणि काकू म्हणाल्या, "बरं झालं. कोणीतरी भेटलं तुमाला."

काकू केळव्याच्या. माहेरची नारळ-सुपारीची वाडी, पानवेली. एरवी त्या शहरी बोलायच्या, पण राग आला किंवा माहेरचं माणूस आलं की केळव्याची बोली बाहेर यायची. त्यांचा धाकटा भाऊ बाळ्या दर महिन्याला पानं आणि शहाळी घेऊन यायचा. माझ्यापेक्षा चांगला वीसेक वर्षांनी मोठा, पण घरात सगळ्यांच्या तोंडी बाळ्याच. केळव्याला शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी येतात, त्यांना तो खोल्या देतो. काकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर पालथं पडलेलं त्यानेच सगळ्यात जास्त पाहिलंय. एकदा त्याच्याकडे उतरलेल्या लोकांना वाटलं की म्हाताऱ्याची अंगठी हरवलीय. बायकापोरांसकट सगळे गुडघ्यावर बसून वाळू चिवडायला लागले. काकांनी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. उलट एकीच्या हातात गाळणी दिली आणि म्हणाले, "पांढरं, बारीक आणि वळणदार दिसलं की हाक मारा." बाळ्याने मला हे सांगितलं तेव्हा हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्याच बाळ्याने पुढे जो पराक्रम केला तो मात्र काका कधीच विसरले नाहीत. हे शंख ठेवायला बाटल्या मोठ्या पडायच्या, म्हणून मी ओळखीच्या एका माणसाकडून रिकाम्या कॅप्सूल मिळवून दिल्या होत्या, औषधाच्या असतात त्याच. एका कॅप्सूलमध्ये एक शंख, वर बारीक अक्षरात खूण. सगळा पसारा जेवणाच्या टेबलावर. बाळ्या जेवून उठला, पोट फुगलंय म्हणाला, आणि भावजींच्या गॅसच्या गोळ्या समजून त्यातली एक पाण्याबरोबर गिळून मोकळा झाला. काकू घाबरल्या. मी डॉक्टरला फोन लावायला निघाले. काका उठून बाळ्यापुढे उभे राहिले आणि कळवळून म्हणाले, "अरे, एडवणची होती की तारापूरची?"

"काय ते?"

"तू गिळलीस ती!"

बाळ्याला काहीही झालं नाही. उलट पोट साफ झालं म्हणाला. काका मात्र दोन दिवस हळहळत होते, आणि ती हळहळ मेहुण्यासाठी नव्हती.

असल्या माणसाला कुणी गंभीरपणे का घ्यावं? मीही घेत नव्हते. पण एकदा त्यांनी मला भिंगाखाली बघायला लावलं. डोळा लावेपर्यंत पाटीवर पांढरा ठिपका होता, पीठ सांडावं तसा. डोळा लावला आणि बघतच राहिले. पूर्ण शंख होता तो. पाच वेढे, प्रत्येक वेढ्यावर उभ्या बारीक कडा, आणि तोंडाशी जरा दुमडलेली कड. माझ्या नखाच्या कोपऱ्यात मावेल एवढ्या जागेत इतकं कसब करून तो जीव जगला आणि मेला, आणि बघायला कुणी नव्हतं. "हिला अजून नाव नाही," काका म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता त्यांचा. "मी सगळी पुस्तकं धुंडाळली. असली दुसरी कुणी पाहिलेली नाही."

मी सवयीने विचारलं, "पाहिलेली नाही की ऐकलेली नाही?" त्यांनी माझ्याकडे इतक्या आदराने कधीच पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी मुंबईच्या एका संस्थेतल्या शास्त्रज्ञ बाईंना नमुने पाठवले. बाई स्वतः आल्या, काकांबरोबर चिखल तुडवत हिंडल्या, मोठ्या यंत्राखाली फोटो काढले, जगभरच्या जाणकारांना विचारलं. वर्ष-दीड वर्ष गेलं. शेवटी ठरलं, की ही जात खरोखरच नवी आहे. आता दोघांच्या नावाने निबंध छापायचा आणि त्यात तिचं नाव जाहीर करायचं. काकांना टायपिंग येत नव्हतं, म्हणून रविवारची दुपार माझ्या गळ्यात पडली. मी लॅपटॉप घेऊन खाली जायचे, ते सांगायचे, मी टाइप करायचे. वर्णन झालं, मोजमापं झाली, ठिकाण झालं. नावाची जागा तेवढी कोरी राहिली.

ती जागा भरायला सगळे टपलेले. बाळ्याचं म्हणणं, केळव्याच्या शितळादेवीचं नाव ठेवा, कृपा राहील. मी म्हटलं, बोईसरचं ठेवा. काका म्हणाले, "बोईसरला समुद्र कुठंय?" मग बाळ्या म्हणाला, "भावजी, तुमचंच ठेवा की! शोधली तुमी, कष्ट तुमचे." काका लाजून लाल झाले. "स्वतःचं ठेवलं तर नियमात बसतं रे," म्हणाले, "लाजेत बसत नाही."

आणि नियम किती कडक, तेही त्यांनी मला तेव्हा समजावलं. एकदा नाव छापून जाहीर झालं की ते बदलता येत नाही. आवडलं नाही म्हणून नाही, वाईट वाटलं म्हणून नाही, ठेवणाऱ्याला पश्चात्ताप झाला म्हणूनही नाही. "उद्या मी तिला शिवी दिली ना, तर ती शिवी कायम. मी गेलो तरी, तुम्ही गेलात तरी." आमच्या कंपनीतही कागदावर एक अक्षर चुकलं की गोंधळ होतो, पण निदान सुधारणेचा दुसरा कागद काढता येतो. इथे तीही सोय नव्हती.

एका रविवारी ते टेबलाशी अगदी ताठ बसले होते, नवा सदरा घालून. "लिहा," म्हणाले आणि एकेक अक्षर सांगायला लागले. मी टाइप करून वाचलं.

"धोंडी? धोंडी कोण?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. "ही."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. काकूंचं माहेरचं नाव धोंडी. लग्नात रीतीप्रमाणे नवरदेवाने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहायचं असतं, तसं त्यांनी सुहासिनी लिहिलं. "तेव्हा विचार केला नाही. सगळे लिहितात, मीही लिहिलं. पुढे या शास्त्रात शिरलो आणि पहिल्याच नियमाशी अडकलो. ज्याने आधी ठेवलं त्याचं नाव खरं. नंतर कुणी कितीही सुंदर ठेवो, ते नुसतं समानार्थी. म्हणजे मी काय केलं? एका जित्याजागत्या माणसाचं खरं नाव खोडलं. दर वेळी हिला हाक मारताना ते टोचतं मला. आता दुरुस्त करतोय. जगाच्या पाठीवर कायमचं."

मला गहिवरून आलं, अगदी डोळे भरले. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर कुठला नवरा असा विचार करतो? दारात काकू ताकाचे पेले घेऊन उभ्या होत्या. मी उठून त्यांना मिठीच मारली आणि म्हटलं, "काकू, तुमचं नाव! आता जगभर राहणार!"

"सुहासिनी?" काकूंनी विचारलं. चेहरा असा फुलला होता त्यांचा.

"नाही, खरं नाव. धोंडी!"

काकूंनी पेले टेबलावर ठेवले. पदराला हात पुसले. आणि मग काकांना असं काही झापलं, की मी लॅपटॉप छातीशी धरून भिंतीला टेकले.

"धोंडी? धोंडी लिहिताय तुमी माझ्या नावानं? त्या नावापायी शाळेत पोरं माझ्या पाठी नाचायची. धोंडीला धोंडा लागला, असं ओरडायची. चौथीला शाळा सोडली मी त्यापायी. लग्न ठरलं तेव्हा मी देवीकडं काय मागितलं, माहीत हाय? नवरा चांगला दे, असं नाय मागितलं. नाव चांगलं दे म्हटलं. तुमी तांदळात सुहासिनी लिहिलं आणि मी त्या ताटाकडंच बघत बसले, तुमच्या तोंडाकडं पण बघितलं नाय. अख्ख्या संसारात तुमी दिलेली तेवढी एकच वस्तू मला मनापासून आवडली. आणि ती पण परत घेताय?"

"सुहासिनी, पण खरं नाव..."

"खरी मी हाय! मला विचारलंत?"

आणि त्या आत निघून गेल्या. ताक तसंच राहिलं.

पुढचे काही दिवस त्या घरात राहणं म्हणजे शिक्षा होती. काकू स्वयंपाक करायच्या, वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. काका हट्टाला पेटले. खरं ते खरं, म्हणायचे, माणसाच्या आवडीवर शास्त्र चालत नाही. मुंबईच्या बाईंचा फोन आला, की निबंध या आठवड्यात छापायला जातोय, नाव पक्कं करा. एकदा गेला की संपलं. काकूंना मी जिन्यात गाठलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांना सांग, मी मेल्यावर छापा."

माझं डोकं फिरलं. मी मुळातच तापट, त्यात काकूंचा तो कोमेजलेला चेहरा. तशीच वर गच्चीवर गेले आणि वाळूच्या कागदांमध्ये उभी राहून काकांवर ओरडले, "तुम्हाला वाटतं, धोंडी हे नाव काकूंना परत हवंय. हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?"

काकांनी ब्रशच्या टोकावरचा शंख परत पाटीवर ठेवला. खालून कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत होता.

"पाहिलं नाही," ते म्हणाले. "ऐकलंही नाही. मी विचारलंच नाही."

ते उठले आणि जिना उतरून सरळ स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग दारापर्यंत. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला राहवेना. काकू जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. काकांचे गुडघे अधू, तरी ते कसेबसे त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. ताटातला एक वाल उचलून सोलायला लागले. दाणा त्यांच्या हातून निसटून ओट्याखाली गेला.

"धोंडी का ठेवलं होतं तुझं नाव?" त्यांनी विचारलं.

काकू वाल सोलत राहिल्या. मग खाली बघतच बोलल्या.

"माझ्या आधी एक झाली होती."

"मुलगी?"

"मुलगी. चांगली गुटगुटीत होती म्हणे. पण बारसं काय झालं नाय तिचं. त्याच्या आधीच गेली. मग मी झाले तेव्हा आजी म्हणाली, गोड नाव ठेवाल तर ही पण जाईल. दगड म्हणा हिला, दगडाला कोण नेत नाय. म्हणून मी धोंडी."

एवढ्या वर्षांत काकांनी हे ऐकलेलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"तिचं नाव काय होतं?"

"ठेवायचंच राहिलं. आईनं ठरवून ठेवलं होतं. मला एकदाच सांगितलं तिनं, वाडीत, पानं खुडताना. परत कधी तिच्या तोंडातून आलं नाय. मी पण कोणाला बोलले नाय."

"काय ठरवलं होतं?"

काकूंचे हात थांबले. "मुक्ता," त्या म्हणाल्या.

काका पुटपुटले, "म्हणजे जाहीर झालं नव्हतं." मला त्या क्षणी त्यांच्या डोक्यात ते वालाचं ताट घालावंसं वाटलं. पण ते स्वतःशीच बोलत होते. "आमच्यात असल्या नावाला नागडं नाव म्हणतात. कुणीतरी मनात योजलेलं, पण रीतसर ठेवायचं राहून गेलेलं. ते नाव नसल्यातच जमा धरतात."

"नागडीच गेली ती," काकू म्हणाल्या. "अंगडं-टोपडं बारशाला येणार होतं. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बाबांनी वाडीच्या टोकाला ठेवली तिला."

काकांनी चष्मा काढला, भिंग काढलं आणि दोन्ही बाजूला ठेवलं. त्यांचे उघडे डोळे मी पहिल्यांदाच पाहिले. लहान आणि थकलेले होते.

"या शंखाला तिचं नाव ठेवू?" त्यांनी विचारलं.

"विचारताय?"

"विचारतोय."

काकूंनी पुढचा वाल उचलला. "ठेवा," म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मी निबंधातलं ते नाव पुसलं आणि नवीन लिहिलं. काकू खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसल्या, पहिल्यांदाच, आणि मी त्यांना एकेक अक्षर वाचून दाखवलं. "मुक्ताच्या पुढे हे ए कशाला जोडलंय?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "ते लॅटिन आहे. बाईमाणसाचं नाव असलं की ते जोडतात. आपल्यात 'ची' लावतो ना, तसं. म्हणजे मुक्ताची."

"मुक्ताची," काकू म्हणाल्या.

निबंधात नाव का ठेवलं ते लिहावं लागतं. लोक तिथे थोर प्राध्यापकांची, मदत करणाऱ्या संस्थांची नावं घालतात. काकांनी मला मराठीत सांगितलं, इंग्रजी मी केलं. मुंबईच्या बाईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला, हे फारच घरगुती वाटतंय, जरा आवरतं घेऊ या का? काकांनी त्यांना सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "राहू द्या, काका. एक अक्षर हलवत नाही मी."

मी आता वापीला असते. काकांचा फोन येतो अधूनमधून, दमणला गेलात तर चिमूटभर वाळू आणा म्हणून. मी नव्या लोकांना त्यांची गोष्ट सांगते तेव्हा सगळे हसतात, मीही हसते. पण कधीकधी मला वाटतं, की आपण माणसांना किती सहज नाव ठेवतो आणि किती सहज बदलतो. एक माणूस साध्या ठिपक्यासाठी दीड वर्ष थांबला, आणि शेवटी त्यालाही घरातल्या माणसाला विचारायला शिकावं लागलं. मला त्यांचा राग यायचा तितकाच त्यांचा अभिमानही वाटतो. दोन्ही खरं आहे.

निबंध छापून आला त्या दिवशी मी स्टेशनजवळच्या दुकानातून त्याची छापील प्रत काढून आणली. काका चाळण मांडीवर घेऊन बसले होते, पण चाळत नव्हते. काकूंनी हात धुतले, पुसले आणि कागद घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी तो भाग काढून मराठीत वाचून दाखवला, "ही जात लेखकाच्या पत्नीच्या थोरल्या बहिणीच्या नावाने. तिचं नाव ठरलं होतं, ठेवायचं राहिलं. ते इथे ठेवत आहोत."

"परत वाच."

मी परत वाचलं.

काकूंनी केळव्याला फोन लावला. त्यांना फोन कानाला लावून बोलायची सवयच नव्हती, सगळं स्पीकरवर. पलीकडून बाळ्याचा आवाज आला, मागे नारळ पाडल्याचा धपकन आवाज.

"बाळ्या, ताईचं नाव छापून आलं रे."

"अरे वा! म्हणजे शेवटी तुझंच ठेवलं भावजींनी! मला वाटलंच होतं..."

"माझं नाय. ताईचं."

"कोणत्या ताईचं? ताई तर तूच ना आपली?"

काकूंनी कागदावर मी दाखवलेल्या नावावर बोट ठेवलं.

"नाय रे," त्या म्हणाल्या. "मी धाकटी. ताई मुक्ता."